विजयदुर्गावरील ग्रहण

विज्ञानानें जगांतील नवल हिरावून घेतलें, अशी तक्रार सुशिक्षितांच्या बैठकींत वारंवार ऐकूं येते. ग्रहण म्हणजे छायेचा खेळ, हें एकदां शाळेंत शिकल्यावर त्यांत पाहण्यासारखें उरलें काय, असें विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही विजयदुर्गाची हकीकत सांगूं इच्छितों.

विजयदुर्ग म्हटला कीं वाचकांस आंगऱ्यांचें आरमार आठवतें. याच किल्ल्यावरून 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणांत नॉर्मन लॉकियर यांनीं हेलियम शोधला, असेंहि मोठ्या अभिमानानें सांगतात. अभिमान समजण्याजोगा आहे. पण हकीकत तशी नाहीं. त्या वर्षीं लॉकियर इंग्लंडांतच होते. गुंटूर येथें दुर्बीण रोखून बसले होते ते फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन. सूर्यबिंब झांकलें जातांच कडेवरून उसळलेल्या ज्वाळांच्या वर्णपटांत त्यांना इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या कीं, या ज्वाळा ग्रहणावांचूनहि दिसल्या पाहिजेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. दुसऱ्या दिवशीं उघड्या सूर्यावर त्यांनीं त्या पाहिल्याहि! तिकडे लॉकियर यांनीं, ही वार्ता पोंचण्यापूर्वींच, 20 ऑक्टोबरला तीच गोष्ट स्वतंत्रपणें साधली. पुढें फ्रान्समध्यें दोघांच्या मुद्रा एकाच पदकावर कोरण्यांत आल्या. शोधाच्या श्रेयासाठीं भांडणाऱ्या विद्वानांनीं तें पदक अवश्य पाहावें.

त्या वर्णपटांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळची, पण त्यांच्याशीं न जुळणारी होती. लॉकियर यांनीं ती पृथ्वीवर अज्ञात अशा मूलद्रव्याची ठरविली, आणि सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम म्हटलें. नांव धातूच्या थाटाचें, आणि तो निघाला वायु! रसायनशास्त्रज्ञांपैकीं अनेकांचा यावर विश्वास बसेना. अखेर 1895 सालीं रॅम्से यांना तो एका खनिजांत सांपडला. सत्तावीस वर्षें हें मूलद्रव्य केवळ एका रेषेच्या पुराव्यावर जगलें.

लॉकियर विजयदुर्गास खरोखर आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणास. 'मेल्पोमिनी' युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनीं वेधाचें काम शिकविलें. जेऊर येथें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांची तुकडी होती, शिवाय अमेरिकेहून कॅम्बेल आले होते. वऱ्हाडांतील तळणी येथें ॲनी माँडर या बाईंनीं प्रभामंडलाचे दूरवर पसरलेले किरण छायाचित्रांत टिपले. मुंबई-पुण्याकडे प्लेगानें थैमान मांडलेला तो काळ. ग्रहणाचें कारण यांतील प्रत्येकास ठाऊक होतें, क्षणहि गणितानें ठरलेला होता. तरी अवघ्या दोन मिनिटांच्या अंधारासाठीं माणसें सातासमुद्रांपलीकडून आलीं.

त्यांना हवें होतें तें प्रभामंडल. त्यांतील एक हिरवी रेषा 1869 पासून शास्त्रज्ञांस छळीत होती. तिचें मानलेलें स्थानच चुकीचें आहे, हें 1898 च्या या वर्णपटांवरून उघड झालें. हेलियमच्या उदाहरणानें धीट होऊन तिच्यासाठींहि 'कोरोनियम' नांवाचें नवें मूलद्रव्य कल्पिलें गेलें होतें. तें मात्र कोणासच सांपडलें नाहीं. 1940 च्या सुमारास स्वीडनच्या एडलेन यांनीं दाखविलें कीं, ही रेषा आपल्या परिचयाच्या लोखंडाची, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. असें होण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपांच हजार अंशांचा. मग त्याबाहेरील विरळ वायु इतका तापतो कसा, यावर ज्योतिर्विदांचा वाद अद्याप चालूच आहे.