प्रवेश फक्त घोड्यावरून

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तुमच्या हातात नारळ दिलाय आणि तुम्ही खूश आहात.

27 एप्रिल 1975, रविवार. न्यूयॉर्कची थर्ड अव्हेन्यू. 'सिनेमा टू' थिएटरच्या दारातून निघालेली रांग कोपऱ्यावर वळून कधीच दिसेनाशी झालीय. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' इथे लागतोय आणि वितरक डोनाल्ड रुगॉफने जाहीर करून टाकलंय की पहिल्या हजार प्रेक्षकांना नारळ फुकट. तुमचा नंबर हजाराच्या आत लागला. रांगेतल्या न्यूयॉर्ककरांची मात्र पंचाईत झालीय. फुकट म्हणून घेतला खरा, पण याचं करायचं काय? एक जण तो कानाशी हलवून बघतोय. एकीने पर्समध्ये कोंबलाय, आता पर्स मिटत नाही. कोयता नाही, देवळाची पायरी नाही, 'जरा फोडून द्या हो' म्हणायला नारळवाला नाही.

तुम्ही फुटपाथच्या दगडी कडेपाशी बसता, नारळ फिरवत त्याच्या पोटावर चार ठोके देता, आणि पाचव्याला दोन भकलं. पाणी बुटावर. आसपासचे लोक तुमच्याकडे जादूगाराकडे पाहावं तसं पाहतात.

आता विनोद काय आहे तो ऐका. या सिनेमात राजा आर्थर येतो तो घोड्यावर बसल्याचा आव आणून, नुसताच उड्या मारत. मागून त्याचा नोकर पाठीवर सामानाचा डोंगर घेऊन दोन करवंट्या वाजवत पळतो. घोडे आणायला पैसेच नव्हते. पिंक फ्लॉइड आणि लेड झेपेलिनसारख्या बँडवाल्यांनी पैसे घातले तेव्हा कुठे सिनेमा उभा राहिला. नाटकात-रेडिओवर टापांचा आवाज करवंट्यांनीच काढतात; मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी टोळीतल्या पठ्ठ्यांनी तो आवाज काढणारा माणूसच कॅमेऱ्यासमोर आणला. म्हणजे हा नारळ नुसती भेटवस्तू नाही. सिनेमातला गरिबीचा विनोद दारात येऊन तुमच्या हातात पडलाय.

पण भकलं बोदी वाजतात. आत खोबरं आहे ना. ते किल्लीने उचकटून काढायला तुम्हाला पंधरा मिनिटं लागतात. अर्धं तुम्ही खाता, अर्धं रांगेत वाटता. मग दोन्ही करवंट्या पालथ्या धरून एकमेकींवर मारता. टॉप. टॉप-टॉप. हात बसतो, लय सापडते, तुम्ही डोळे मिटता. थोड्या वेळाने जाणवतं की आवाज हातातून येत नाहीये. खालून येतोय. आणि तुम्ही हलताय.

डोळे उघडा. 7 फेब्रुवारी 1974, गुरुवार, संध्याकाळ. कॅलिफोर्नियातलं बरबँक. तुम्ही एका तांबड्या घोडीवर बसला आहात, करवंट्या कोटाच्या खिशात आहेत, आणि समोर पिकविक ड्राइव्ह-इन थिएटरची तिकीटखिडकी आहे. ही खिडकी मोटारीच्या काचेच्या उंचीला बांधलेली. आतला माणूस सवयीने समोर बघतो आणि त्याला तुमचा गुडघा दिसतो. तुम्ही खोगिरावरून वाकून, एका हाताने आयाळ धरून, आमंत्रण खाली देता. तो ते तपासतो, मग घोडीकडे बघतो, आणि पुढे जायची खूण करतो. आजचा खेळ मोटारवाल्यांसाठी नाही. दिग्दर्शक मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' या विनोदी वेस्टर्नचा हा पहिला खेळ आहे, आणि तो घोड्यावर बसून बघायचाय. अडीचशे निमंत्रित आहेत.

आत शिरल्यावर तुम्हाला जत्रेतला तंबूचा सिनेमा आठवला तर नवल नाही. तोच उघड्यावरचा गारवा, तोच जनावरांचा वास. मैदानभर मातीचे लांबलचक उंचवटे घातलेत, मोटारीचं नाक जरा वर उचललं जावं म्हणून. घोडीला हा प्रकार मुळीच पसंत नाही. पुढचे पाय चढावर ठेवायचे आणि तिथेच थांबायचं, यात तिला काही अर्थ दिसत नाही. ती एकदा पुरती गोल फिरते, मग शेजारच्या काळ्या घोड्याकडे तोंड करून उभी राहते. म्हणजे पडदा आता तुमच्या डाव्या खांद्यामागे. खांबावरचा स्पीकर काढून तुम्ही अडकवायला जागा शोधता. मोटारीला काच असते, घोडीला नाही. शेवटी खोगिराच्या पुढच्या बोंडाला तो टांगता. घोड्यांसाठी खाण्यापिण्याची वेगळी सोय आहे आणि तिथे माणसांच्या स्टॉलपेक्षा जास्त गर्दी आहे. पुढच्या रांगांमध्ये कुठेतरी क्लीव्हॉन लिटल आणि जीन वाइल्डर हे सिनेमाचे दोन नायकही स्वार होऊन बसलेत.

एवढे घोडे आले कुठून, असं वाटेल. हे गाव स्टुडिओवाल्यांचं तसंच घोडेवाल्यांचं. वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ इथून फार लांब नाही, आणि या बाजूच्या वस्तीत मागे तबेला असणारी घरं आहेत. नदीपलीकडे ग्रिफिथ पार्कात घोडे फिरवायच्या वाटा आहेत. पोटापाण्यासाठी वेस्टर्न सिनेमात घोडे पळवणाऱ्यांच्या पिढ्या या भागात राहिल्या.

शिवाय मोटारीचं सध्या कुणी नावही काढू नये अशी स्थिती आहे. गेल्या ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धावरून अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलंय. येताना रस्त्यात तुम्ही पेट्रोल पंपावरची रांग पाहिलीत, त्यातले निम्मे ड्रायव्हर गाडी बंद करून पेपर वाचत बसले होते. इकडे तीनच महिन्यांपूर्वी दिल्लीत पेट्रोलच्या भाववाढीविरुद्ध अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. ड्राइव्ह-इनमध्ये घोडे आणण्याची कल्पना ज्याची कुणाची असेल त्याच्या डोक्यात तेलाचं संकट होतं की नाही, देव जाणे. पण रांगेतल्या त्या पेपरवाल्या ड्रायव्हरने तुम्हाला टापा वाजवत पुढे जाताना ज्या नजरेने पाहिलं, ते पाहता निम्मी प्रसिद्धी तिथेच झाली.

अशा खटपटी हॉलिवूडला नव्या नाहीत. 1946 साली जिम मोरान नावाचा प्रसिद्धीवाला 'द एग अँड आय' या विनोदी सिनेमासाठी शहामृगाच्या अंड्यावर बसला. 19 दिवस, 4 तास, 32 मिनिटं. पिल्लू बाहेर आल्यावरच उठला. चिकाटीला दाद द्यायलाच हवी, पण गंमत अशी की सिनेमा कोंबड्या पाळणाऱ्या जोडप्याचा आहे. शहामृगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. माणूस लक्षात राहतो, सिनेमा राहत नाही. मला विचाराल तर फसलेली युक्ती तीच.

अंधार पडतो. पडद्यावर चाबकाचा फटकारा आणि फ्रँकी लेनचा भरदार आवाज. वेस्टर्न सिनेमांची गाणी गाऊन नाव कमावलेला हा गायक जीव तोडून गातोय, कारण सिनेमा विनोदी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ब्रुक्सने मुद्दाम सांगितलं नाही. गाणं खरं वाटायला हवं होतं.

गोष्ट 1874 सालची, बरोबर शंभर वर्षांपूर्वीची. रेल्वेसाठी गाव उठवायचंय, म्हणून एक लबाड अधिकारी त्या गोऱ्या गावावर काळा शेरीफ नेमायला लावतो. गावकरी आपणच निघून जातील असा त्याचा हिशेब. लिहिणाऱ्यांत काळा विनोदवीर रिचर्ड प्रायर होता. शेरीफचं कामही त्यालाच द्यायचं ब्रुक्सच्या मनात होतं, पण स्टुडिओ तयार झाला नाही. ब्रुक्स नंतर सांगायचा की वॉर्नरच्या साहेबलोकांना सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. मग त्याने ऑफिसातल्या सेक्रेटरी आणि इतर नोकरमंडळींना बोलावून तोच सिनेमा दाखवला, आणि छप्पर उडायची वेळ आली. तरी वरून फर्मान आलंच: अमुक काढा, तमुक काढा. त्याने सगळं कागदावर नीट लिहून घेतलं, मान डोलावली, आणि कागद केराच्या टोपलीत टाकला. अंतिम कात्री करारानुसार त्याच्याच हातात होती.

काढायला सांगितलेल्यांपैकी एक प्रसंग आता येतोय. रात्र, शेकोटी, भोवती गुंड, हातात घेवड्याच्या ताटल्या. आजवरच्या शेकडो सिनेमांत काउबॉय घेवडा खात आले, पण त्याचा पुढचा नैसर्गिक परिणाम कुणी दाखवला नव्हता. इथे दाखवलाय, सविस्तर. तुमच्या खोगिराचा स्पीकर थरथरतो. शेजारचा थरथरतो. मैदानभर खोगिरांवर टांगलेल्या पत्र्याच्या खोक्यांतून एकच मैफल सुरू होते, आणि त्यात काळ्या घोड्याने आपला एक अस्सल सूर मिसळल्यावर शेजारचा स्वार हसता हसता त्याच्या मानेवर आडवा होतो. घोडी शांत आहे. तिला यात विनोद दिसत नाही, रोजचंच आहे.

मग मोंगो येतो. बैलावर बसून गावात शिरलेला, डोंगराएवढा. एक घोडेस्वार त्याला हटकतो, तर मोंगो सरळ त्याच्या घोड्याच्या तोंडावर ठोसा मारतो. घोडा स्वारासकट आडवा. साहेबांना हाही नको होता. मैदानात हास्याचा स्फोट होतो आणि तुमचा हात आपोआप घोडीच्या मानेवर जातो, न जाणो तिने पाहिलं असेल. तिने पाहिलेलं नाही. ती पडद्याकडे पाठ करून ओट चघळतेय. आजच्या संध्याकाळी सगळ्यात मान मिळालेला प्रेक्षकवर्ग सिनेमाकडे ढुंकूनही बघत नाहीये, आणि मला तरी वाटतं, विनोदी सिनेमाला याहून प्रामाणिक परीक्षक मिळणार नाही.

पुढचा टोलनाका तर आपल्याकडच्या माणसाने चुकवूच नये. उघडा माळ, चहूकडे मोकळं रान, आणि मध्येच एक टोलनाका. गुंडांची टोळी दौडत येते आणि तिथे शिस्तीत थांबते. बाजूने जाता येईल हे एकाच्याही डोक्यात येत नाही. सुट्टी नाणी नाहीत म्हणून माणूस परत पाठवतात. तुम्हाला मघाची तिकीटखिडकी आठवते. तिथे तुम्हीही रांगेत उभे होतात, आणि दोन्ही बाजूंनी मैदान मोकळं होतं.

शेवटी पडद्यावर हाणामारी माजते, इतकी की वेस्टर्नच्या सेटची भिंतच फुटते आणि काउबॉय शेजारच्या सेटवरच्या नाचात जाऊन पडतात. तिथून कॅन्टीनमध्ये, तिथून स्टुडिओच्या फाटकातून थेट रस्त्यावर. बरबँकच्या रस्त्यावर. खलनायक टॅक्सी पकडून हॉलिवूडचं चायनीज थिएटर गाठतो, तिकीट काढून आत बसतो, तर तिथे हाच सिनेमा चालू. त्यात त्याला दिसतं की शेरीफ घोड्यावरून बाहेर येऊन पोचलाय. मैदानातले काही जण उगाचच मागे फाटकाकडे वळून बघतात. तुम्हीही बघता. वॉर्नरचा तो दरवाजा इथून जवळच आहे, आणि गेला दीड तास तुम्ही ज्या घोड्यांमध्ये बसला आहात ते कुठून आलेत याची आता नक्की खात्री देता येत नाही.

या सिनेमावर 26 लाख डॉलर खर्च झालेत. कमाई पुढे जवळजवळ 12 कोटींवर जाणार आहे. घोड्यांमुळे नव्हे, अर्थात. पण आजच्या रात्रीचं कुणी वर्णन करायला बसलं तर सिनेमा कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे त्याला नीट सांगता येणार नाही.

पडद्यावर सूर्य कलतोय. शेरीफ आणि त्याचा दोस्त क्षितिजाकडे निघतात, वेस्टर्नचा शेवट असतो तसे. मग थांबतात, खाली उतरतात, लगाम दुसऱ्यांच्या हातात देतात. समोर लांबलचक लिमोझिन उभी आहे. दोघं मागच्या सीटवर बसतात आणि गाडी मावळतीकडे निघून जाते.

अडीचशे माणसं घोड्यांवर बसून ती गाडी लांब जाताना बघत राहतात. कुणीतरी मागून ओरडतं, "पेट्रोल कुठून मिळालं?"

दिवे लागतात. तुम्ही स्पीकर खांबावर लावता, लगाम ओढता. उंचवट्यावरून उतरताना घोडी जरा घसरते, सावरते. धक्क्याने कोटाच्या खिशातल्या करवंट्या एकमेकींवर आपटतात. टॉप.

आज संध्याकाळी पहिल्यांदाच ती कान टवकारून मागे वळून बघते.