चौपाटीचे विमान आणि माळावरचे विमान

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो. "राइट बंधूंच्या आधी आपल्या तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवले होते, हे खरे ना?" विचारणाऱ्याच्या स्वरात प्रश्न थोडा आणि खात्री फार असते. नाही म्हणावे तर आपण स्वदेशाभिमानशून्य ठरतो. होय म्हणावे तर ज्या विषयावर बोलावयास उभे राहिलो त्याच्याशीच बेइमानी होते. म्हणून आज या प्रश्नाला बगल न देता त्याच्याच वाटेने जाण्याचे आम्ही ठरविले आहे. मात्र ती वाट चौपाटीवरून न काढता आपल्या कोल्हापूरजवळच्या एका माळावरून काढू.

आधी कथा काय आहे ते पाहू. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, पाठारे प्रभू समाजातले गृहस्थ. जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता आणि प्राचीन संस्कृत वाङ्मयातील विमानविद्येचा त्यांना ध्यास लागला होता. १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे यान चौपाटीवर उडविले, ते पंधराशे फूट वर गेले व मग खाली पडले, असे सांगतात. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज ते पाहावयास हजर होते, असेही सांगतात. या कथेतला एक तपशील मात्र सांगणारे घाईने ओलांडून जातात. यानात माणूस नव्हता. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते नमुना-विमान होते, आणि त्याची परीक्षा करावयाची तर राइट बंधूंना साक्षीला बोलावण्याचे कारण नाही. चिमणी विमाने जुळवून उडविणाऱ्यांनाच विचारले पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका माळावर अशी काही मुले आम्हांला भेटली. कॉलेजात शिकणारी, एकाचे वडील उद्यमनगरात लेथ चालविणारे. सकाळी सहाला मोटारसायकलींवरून ती आली. एकाच्या पाठीला पंख, दुसऱ्याच्या मांडीवर धड आणि तिसऱ्याच्या पिशवीत बॅटऱ्या. आम्हांला वाटले होते, दहा मिनिटांत उडेल. दीड तास ती जुळणीच चालली होती, आणि खरे सांगावयाचे तर तो दीड तासच आम्हांला उड्डाणाहून अधिक शिकवून गेला.

पहिले काम पंख बसविण्याचे. दोन्ही पंख मधल्या सळईवर सरकवून रबराच्या पट्ट्यांनी धडाशी आवळले. मग एकाने दोरी घेऊन शेपटीच्या मध्यापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले आणि तीच दोरी उजवीकडे फिरविली. दोन बोटांचा फरक निघाला; पंख पुन्हा सोडून बसविला. टोके किंचित वर उचललेली होती. ती का, असे विचारता मुलगा म्हणाला, "काका, वाऱ्यानं एक बाजू खाली गेली की ती आपोआप वर येती." इतके सोपे उत्तर शोधून काढावयास माणसाला बराच काळ लागला. पॅरिसच्या आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी तुइलरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक यान सोडले. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले, आणि त्याला हात लावणारे, दिशा देणारे कोणी नसताना सरळ गेले. पंखांची टोके वर वळलेली आणि शेपूट पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसविलेली, यातच सारे रहस्य होते. पेनोने पुढे माणूस नेणाऱ्या विमानाचे आराखडे केले, त्यांना पैसा मिळाला नाही, आणि १८८० साली वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे त्याआधीच, १८७८ साली, अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट.

दुसरे काम तोलाचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान दोन बोटे टेकवून विमान उचलावयाचे. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेले तर ते विमान उडवूच नये. आपल्या भागात हे समजावयास पुस्तक लागत नाही. उसाची गाडी मागे जास्त भरली की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते आणि गाडी हाती राहत नाही; पुढे जास्त भरली तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो, गाडी जड चालते पण चालते. पतंगाला कणी बांधणारा पोरगाही हेच करीत असतो. मुलांनी बॅटरी बोटभर पुढे सरकविली आणि तोल साधला. इंग्लंडच्या सर जॉर्ज केलींनी १८०४ साली एका काठीला पतंगासारखा पंख आणि मागे हलते शेपूट लावून जे यान केले, त्यातही पुढेमागे सरकविता येणारे वजन होते. सव्वादोनशे वर्षांत वजनाच्या जागी बॅटरी आली, एवढाच फेर.

तिसरे काम बिनतारी यंत्राचे, आणि ते सगळ्यांत नाजूक. आधी हातातले प्रक्षेपक यंत्र चालू करावयाचे, मग विमानातले ग्राहक. बंद करताना उलट क्रम. न पेक्षा मालक नसलेल्या घरासारखी विमानाची अवस्था होते. मग एक जण विमानाच्या मागे उभा राहतो आणि दुसरा दांडी हलवितो. दांडी उजवीकडे, तर उजव्या पंखाची मागची पट्टी वर आणि डाव्याची खाली. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीची आडवी पट्टी वर. हे तोंडाने म्हणत तपासावयाचे. त्या दिवशी उजवीकडे म्हटल्यावर उजवी पट्टी खाली गेली. तार उलटी जोडली गेली नव्हती. यंत्रातली एक कळ उलट राहिली होती. हवेत ही चूक कळली असती तर विमान सावरण्याची प्रत्येक धडपड त्याला अधिकच जमिनीकडे नेती. शेवटी एक मुलगा प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून तीसचाळीस पावले चालत गेला आणि तेथूनही पट्ट्या हलतात की नाही हे दुसऱ्याने हात वर करून कळविले.

बिनतारी लहरींनी यंत्र चालविण्याचा पहिला गाजलेला प्रयोग निकोला टेस्लाचा. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातली एक लहान बोट त्याने दुरून फिरवून दाखविली. हौशी नमुना-विमानांना ही विद्या लाभावयास आणखी चार दशके लागली. अमेरिकेतल्या कॅलमाझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे आठ फूट पंखांचे विमान बिनतारी यंत्रावर उडविले, आणि पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते पहिले आले. त्या काळी संदेश गेला की रबराच्या पिळाने एक दात सुटे आणि सुकाणू एका बाजूस पूर्ण वळे. दुसऱ्या संदेशाला परत मधे येई. थोडे वळणे, जरासे वळणे असा प्रकारच नव्हता. हाताच्या हालचालीच्या प्रमाणात पट्टी हलविणारी यंत्रे हौशी लोकांच्या हाती सर्रास आली ती १९६० नंतर.

आता या तीन कामांच्या उजेडात चौपाटीकडे वळू. १८९५ साली मार्कोनी नुकता आपले पहिले प्रयोग करीत होता. तेव्हा तळपद्यांच्या यानाला दुरून ताबा ठेवण्याचे साधन असणे शक्य नव्हते. म्हणजे ते पेनोच्या यानासारखे स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे असावयास हवे. असे यान त्या काळी अशक्य होते काय? मुळीच नाही. पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ रोजी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँगली यांनी पोटोमॅक नदीवरील एका नौकेच्या छतावरून वाफेच्या एंजिनाचे बिनमाणसांचे यान सोडले आणि ते सुमारे तीन हजार तीनशे फूट उडाले. तेव्हा मुंबईच्या माणसाला हे सुचणे आणि काही अंशी साधणे कल्पनेबाहेरचे नव्हते. इथपर्यंत आम्ही तळपद्यांच्या बाजूचे आहोत.

फरक पुढे आहे. लँगलींच्या त्या दिवसामागे वर्षानुवर्षांचे अपयश लिहून ठेवलेले आहे: पाण्यात कोसळलेली याने, मोडलेले पंख, एंजिनाची वजने. त्या दिवशी टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल हजर होते आणि त्यांनी छायाचित्र घेतले. यानही संग्रहालयात आहे. पुढे माणूस नेणारे मोठे यान करताना लँगलींची १९०३ साली दोनदा फजिती झाली. दुसऱ्या वेळी, ८ डिसेंबरला, यान पाण्यात पडले आणि नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले. तेही लिहिलेले आहे. चौपाटीच्या यानाचे वजन, पंखांचा विस्तार, एंजिन, आधीचे फसलेले प्रयोग, यांपैकी कशाचीही विश्वासार्ह समकालीन नोंद पुढे आलेली नाही. आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाकडे बोट दाखवितात. पण तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला, म्हणजे चौपाटीनंतर दोन तपांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची भाषा व आकृत्या तपासल्या आणि ग्रंथ प्राचीन नाही, त्यातली याने उडणारी नाहीत, असा निर्वाळा दिला.

यावर कोणी म्हणेल, पारतंत्र्यात आमची दखल घेणार कोण? हा युक्तिवाद मनाला भिडतो. पण मुंबईला लागू पडत नाही. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्याची वर्तमानपत्रातली जाहिरात आजही वाचावयास मिळते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले, तेही इतिहासाला ठाऊक आहे. ज्या शहराने एका कुस्तीची आठवण ठेवली, ते शहर न्यायमूर्ती आणि महाराजांच्या देखत पंधराशे फूट चढलेले यान विसरले असेल?

आम्हांला या कथेचा राग येतो तो तळपद्यांमुळे नव्हे. त्यांचा ध्यास खरा असेलही, आणि पैशापाण्यावाचून असा ध्यास घेणाऱ्याबद्दल आदरच वाटावा. राग येतो तो कथेच्या सावलीत झाकल्या जाणाऱ्या माणसांसाठी. आपल्याच गावात बाबूराव पेंटर या सुताराच्या घरच्या कलावंताने सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनविला आणि त्यांची ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या प्रेक्षकांनी पैसे मोजून पाहिली. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली उजळाईवाडीला विमानतळ झाला. तो आज त्यांचेच नाव धारण करतो. विमानाची गोष्ट सांगावयाची तर ही आहे. पण मुंबईच्या ‘मरुत्सखा’बद्दल तावातावाने बोलणारे कित्येक कोल्हापूरकर या सालाशी अडखळतात.

त्या विमानतळामुळेच ही मुले शहर सोडून पन्हाळ्याच्या बाजूस आली होती. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून वर जावयाचे तर परवानगी लागते, आणि आठ किलोमीटरांच्या आत तर ती घेतल्यावाचून उडविताच येत नाही. पंचवीस किलोपर्यंतची, शिक्षणासाठी वा हौसेने नजरेच्या टप्प्यात उडवावयाची विमाने हे नियम नमुना-विमानांत धरतात. मुलांना हे सगळे पाठ होते.

पावणेआठच्या सुमारास विमान तयार झाले. पट्ट्या बरोबर, तोल बरोबर, बॅटरी भरलेली. तोवर पश्चिमेचा वारा उठला होता. काठीला बांधलेला रुमाल आडवा फडफडू लागला. नव्या विमानाचे ते पहिले उड्डाण व्हावयाचे होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले, थोडी वादावादी झाली, आणि आमच्यासारखा पाहुणा ताटकळत उभा असतानाही त्यांनी रबराच्या पट्ट्या सोडून पंख काढावयास सुरुवात केली. मग त्यांतल्या एकाने वही उघडली. तारीख घातली, वजन लिहिले, तोलाची जागा पंखाच्या कडेपासून किती ते लिहिले, उलटी निघालेली कळ कोणती तेही लिहिले, आणि खाली दोन शब्द: "उडवले नाही."