कागदी विमानांचे शंभर वर्षांचे काम

विमानाची गोष्ट आपण वर्गात बहुधा १७ डिसेंबर १९०३ या तारखेपासून सुरू करतो. किटी हॉक, राइट बंधू, १२ सेकंद, १२० फूट, एवढे मुलांचे पाठही होते. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत डोकावले तर तेथे कागद, बांबू, बूच आणि रबर हे साहित्य पुन्हा पुन्हा भेटते. आज आपण त्या हाताएवढ्या विमानांकडे वळू.

सुरुवात इंग्लंडमधील यॉर्कशायरची. सर जॉर्ज केली यांच्या आधी उडू पाहणारे बहुतेक जण पक्ष्यांची नक्कल करीत. पक्ष्याचा पंख शरीर उचलतो आणि पुढेही ढकलतो. केलींनी ही दोन कामे वेगळी केली : उचलण्यासाठी स्थिर पंख आणि ढकलण्यासाठी वेगळे साधन. १७९९ साली हा विचार त्यांनी चांदीच्या एका चकतीवर कोरून ठेवला. १८०४ साली त्यांनी त्याची परीक्षा घेतली ती साध्या कागदी पतंगावर! पतंगाचे क्षेत्रफळ १५४ चौरस इंच, म्हणजे फुलस्केप कागदापेक्षा काहीसे मोठे. तो त्यांनी लाकडी काठीवर ६ अंशांच्या कोनात बसवला. काठीच्या मागच्या टोकाला एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन पट्ट्यांची शेपटी होती आणि तिचा कोन बदलता येई. तोल साधण्यासाठी काठीत एक टोकदार वजन खोचलेले असे. ते पुढेमागे करता येई. पंख, शेपटी, गुरुत्वमध्य : आजच्या विमानाचा सांगाडा येथे तयार आहे. मुले कागदी विमानाच्या नाकाला टाचणी लावतात तेव्हा केलींचाच प्रयोग करीत असतात.

दुसरा टप्पा पॅरिसचा. आल्फॉन्स पेनो या तरुणाला सांध्याच्या आजारामुळे नौदलात जाता आले नाही. तो विमानांच्या प्रतिकृतींकडे वळला. पिळलेल्या रबरात साठवलेली शक्ती पंखा फिरवायला वापरता येते, हे त्याने दाखवले. १८ ऑगस्ट १८७१ रोजी त्वीलरी बागेत त्याचे जेमतेम १६ ग्रॅम वजनाचे विमान ११ सेकंद उडाले. महत्त्वाची गोष्ट अशी की ते आपला तोल आपणच सांभाळत होते. शेपटी पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवली होती. नाक खाली गेले की वेग वाढे, शेपटीवरचा खालचा दाब वाढे आणि नाक पुन्हा वर येई. पेनोने १८७६ साली चाके आत ओढून घेणाऱ्या आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या मोठ्या विमानाचे पेटंट घेतले. पण ते बांधायला पैसा मिळाला नाही. १८८० साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

त्याची कल्पना मात्र आधीच समुद्रापार गेली होती. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी एक खेळणे आणले. कागद, बांबू आणि बूच यांचे, रबराच्या पिळावर उडणारे, पेनोच्याच धर्तीचे. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा होता, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. मुलांनी त्याच्या नकला केल्या आणि मग मोठ्या नकला करू लागली. पण आकार वाढवावा तसे उडणे कमी! असे का? सगळी मापे दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आणि त्यासोबत वजन आठपट होते. लागणारी शक्तीही तशीच फुगते. मुलांना तेव्हा हे उमगले नाही. ती कंटाळून पतंगांकडे परतली. मात्र १९०१ साली त्यांच्या ग्लायडरला अपेक्षेइतके उद्धरण मिळेना, तेव्हा दोघे भाऊ पुन्हा लहान प्रतिकृतींकडेच आले. पत्र्याचे छोटे छोटे पंख कापून ते वाऱ्याच्या बोगद्यात तपासले आणि जुनी कोष्टके बाजूला ठेवून स्वतःची तयार केली.

कागदी विमानाची दुसरी शाखा न उडणाऱ्या, पण हुबेहूब प्रतिकृतींची. ब्रिटनमध्ये १९४१ पासून, ऐन युद्धकाळात, 'मायक्रोमॉडेल्स'ची छापील कार्डे निघू लागली. पोलंडमध्ये १९५७ साली अशा प्रतिकृतींचे एक मासिकच सुरू झाले. यांत भूमिती भरपूर आहे. विमानाचे नळीसारखे धड उलगडले की आयत मिळतो, निमुळता भाग उलगडला की वर्तुळाची पाकळी मिळते. पण गोलसर नाक सपाट उलगडतच नाही. म्हणून त्याच्या पाकळ्या कापाव्या लागतात. जगाचा नकाशा सपाट कागदावर काढताना हीच अडचण येते. नवशिक्याने घडी घालण्यापूर्वी रेघेवर पट्टी ठेवून बोथट टोकाने ओरखडा काढावा, गोलाई पेन्सिलीवर गुंडाळून आणावी आणि चिकटवण्याआधी भाग जुळतात का ते पाहावे.

वर्गात उडालेले कागदी विमान आपण सहसा जप्त करतो. आम्ही असे सुचवू की आठवड्यातला एक तास त्याच विमानांना द्यावा. एका वेळी एकच बदल : कधी नाकाला टाचणी, कधी शेपटीची कड वर. प्रत्येक वेळी पाच उड्डाणे करावीत, अंतर मोजावे, सरासरी वहीत लिहावी. त्या वहीतले आकडे अंदाजाशी जुळले नाहीत तर मुलांनी कारण शोधावे. राइट बंधूंनीही तेच केले होते.