निस्ताराची नोंद : नागरा परिसरातील पुनर्बांधणीचा इतिहास

गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे ओळखले जाते. मात्र ज्या धानपट्ट्यात ते वसले आहे, त्याच्या इतिहासाला गेल्या दोनशे वर्षांत दोन मोठ्या सशस्त्र संघर्षांनी वळण दिले आहे. पहिला संघर्ष नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेच्या अखेरीचा, तर दुसरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडील जंगलपट्ट्यात पसरलेल्या नक्षलवादी चळवळीचा. शस्त्रे थंडावल्यानंतर विस्कटलेली शेती, बाजार आणि परस्परविश्वास पुन्हा उभा करण्याच्या प्रक्रियेस संघर्षोत्तर पुनर्बांधणी म्हणतात. या प्रदेशात ती प्रत्येक वेळी तीन प्रश्नांभोवती फिरली : तलावाचे पाणी कोणाला मिळावे, जंगलातून कोणी काय न्यावे, आणि हे ठरवणारी नोंद कोणाच्या हाती असावी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे किती काळ टिकली, हे बहुधा तिसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून राहिले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी ते इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा त्यांच्या बाजूने उठलेल्यांमध्ये आजच्या गोंदिया तालुक्यातील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल हाही होता. या भागात जमीनदारी म्हणजे अनेक गावांचा, अंतर्गत कारभारात बराचसा स्वायत्त असलेला मुलूख होय. इंग्रजांच्या फौजेने कामठा घेतल्यावर ती जमीनदारी चिमणा पटेलाच्या हातून गेली आणि पुढे एका लोधी घराण्याकडे सोपवण्यात आली. त्याआधीच पेंढाऱ्यांच्या धाडी आणि वाढत्या वसुलीमुळे नागपूर राज्यातील अनेक गावे खिळखिळी झाली होती. नवे राजे तिसरे रघुजी भोसले अज्ञान असल्याने १८३० पर्यंत कारभार इंग्रज रेसिडेंटच्या, सुरुवातीला रिचर्ड जेंकिन्स याच्या, हाती राहिला; त्या काळात दरवर्षी सारा नव्याने ठरवण्याऐवजी गावच्या पटेलाशी काही वर्षांच्या मुदतीचा करार करण्याची पद्धत रूढ झाली. उजाड जमिनीवर कुळे आणून बसवणे, त्यांना बी-बियाणे देणे आणि तलावाची पाळ दुरुस्त करणे ही कामे एका हंगामात फळ देणारी नसल्याने, या मुदतीला नुसत्या महसुली सोयीपेक्षा अधिक अर्थ होता.

तथापि गाव बसवण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती. वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी समाजाने धान आणि उसाच्या शेतीसाठी तलाव बांधण्याची परंपरा कितीतरी आधीपासून जोपासली होती. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव याच परंपरेची साक्ष देतो आणि त्याची उभारणी लोकस्मृतीत कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेली आहे. शेजारच्या चांदा राज्यात तलाव बांधणाऱ्यास सवलतीने जमीन देण्याची ‘तुकुम’ नावाची पद्धत होती. तलाव हा एका अर्थाने गावाचा आराखडाच असे : मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाण्यासाठी सांडवा, शेतापर्यंत नेणारा पाट आणि बांध घातलेल्या धानाच्या बांध्या यांची जागा एकदा ठरली, की कोणाच्या शेताला आधी पाणी मिळेल, कोणाला तुटीच्या वर्षी थांबावे लागेल आणि पाळीच्या डागडुजीला कोणी किती माणसे द्यायची, हेही ठरून जाई. पाणी वाटणारा पाणकर हा त्या व्यवस्थेचा सेवक असला, तरी त्याच्या कामावर साऱ्या गावाची नजर असे. बोडी, म्हणजे लहान तळे, वरच्या अंगाला आणि मोठा तलाव खालच्या अंगाला, अशा साखळीमुळे एका गावाचा सांडवा दुसऱ्या गावाचे पाणी ठरे, म्हणून गावागावांतही समझोता आवश्यक होता.

या व्यवस्थेला समतेचा आदर्श मानणे मात्र चुकीचे ठरेल. १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी पटेलास ‘मालगुजार’, म्हणजे गावाचा मालक आणि सारा भरण्यास जबाबदार व्यक्ती, असा कायदेशीर दर्जा दिला. आजही या तलावांना ‘मामा तलाव’, अर्थात माजी मालगुजारी तलाव, म्हणतात ते यामुळेच. पिढ्यानपिढ्या श्रम करणाऱ्या कुळांचा आणि जाळे टाकून जगणाऱ्या ढिवरांचा हक्क मालकीच्या रकान्यात आला नाही. त्याच जमाबंदीत ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागदही तयार झाला. गावातील चालीरीती, पाण्याचे, वाटेचे आणि चराईचे हक्क यांची ती नोंद होती. मालकी एकाच्या नावे आणि वहिवाट साऱ्या गावाची, असा हा दुहेरी हिशेब पुढच्या शंभर वर्षांच्या वादांचे मूळ ठरला.

१९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि गावाच्या पडीक जमिनी, झुडपी जंगल व तलाव शासनाकडे गेले. सरपण, इमारती लाकूड, चराई, माती आणि पाणी यांच्या रोजच्या गरजा भागवण्याच्या हक्काला या प्रदेशात ‘निस्तार’ म्हणतात, आणि त्याची गाववार नोंद म्हणजे ‘निस्तार पत्रक’. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतरही ही तरतूद टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ नुसार जिल्हाधिकाऱ्याने निस्तार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करून रहिवाशांच्या इच्छा जाणून घेतल्यावरच तो अंतिम करायचा असतो. म्हणजे गावाला विचारून आराखडा करण्याचे तत्त्व कायद्यात आधीपासूनच होते. प्रत्यक्षात पत्रके दप्तरांत पडून राहिली. तलावांच्या पाण्यावर पूर्वापार हक्क सांगणारी गावे आणि पाणीपट्टी मागणारे शासन यांच्यात वाद होत राहिला, आणि ज्याची मालकी त्याचीच दुरुस्ती या समजुतीने अनेक तलाव गाळाने भरत गेले.

नक्षलवादी चळवळ आंध्रातून १९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात उतरली, ती याच पोकळीत. तेंदूपानाच्या मजुरीचे दर वाढवून मागणे हा तिच्या सुरुवातीच्या संघटनेचा महत्त्वाचा मुद्दा होता. या पानांचा व्यापार १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली होता, तरी उन्हाळ्यात पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या कुटुंबांची गाठ पडे ती ठेकेदाराशीच. पुढे याच ठेकेदारांकडून घेतली जाणारी खंडणी सशस्त्र दलांच्या उत्पन्नाचे साधन बनली. गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांचा जंगलभाग हळूहळू या संघर्षाच्या छायेत आला. नागऱ्यासारखी सखल भागातील गावे त्यापासून दूर असली, तरी जिल्ह्याचा कारभार त्याच चिंतेने ग्रासला गेला.

२००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नक्षल गावबंदी योजना आणली. नक्षलवाद्यांना गावात थारा न देण्याचा ठराव करणाऱ्या गावास विकासकामांसाठी निधी देण्याची ती योजना होती. गावाला थेट निधी हे तिचे वेगळेपण होते. परंतु ठरावामुळे गावकरी उघडपणे एका बाजूला उभे राहत आणि दुसऱ्या बाजूच्या रोषाचे धनी होत, शिवाय निधीने जंगलावरील हक्काचा मूळ प्रश्न सुटत नसे. त्याच वर्षी अफगाणिस्तानात सुरू झालेल्या राष्ट्रीय एकता कार्यक्रमात गावांनी परिषद निवडून अनुदानाची कामे स्वतः ठरवायची होती, आणि कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानंतर १७० नगरपालिका क्षेत्रांत लोकसहभागी आराखडे हाती घेण्यात आले. या दोन्ही ठिकाणचा प्रश्न गोंदियालाही लागू पडतो : निधी संपल्यावर गावाच्या हाती काय उरते?

त्याचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात अभ्यासगट आणि सर्वसहमती यांवर उभी ग्रामसभा घडली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये तिला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे पुस्तक तिच्याच हाती आले. जुन्या निस्तारात गावाला घरगुती गरजेपुरते घेता येत होते. सामूहिक वनहक्कात ते राखण्याचा, विकण्याचा आणि त्याची योजना आखण्याचा अधिकारही आला, हा या दोहोंतील निर्णायक फरक होय.

गोंदियाच्या बाबतीत या कायद्याचे महत्त्व विशेष आहे. गडचिरोलीच्या मोठ्या भागाप्रमाणे हा जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नसल्याने अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा येथे लागू नाही, आणि म्हणून येथील ग्रामसभांना जंगलावर अधिकार सांगण्याचा मुख्य मार्ग वनहक्क कायद्यातूनच जातो. देवरी आणि अर्जुनी मोरगाव परिसरातील ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपानाची विक्री स्वतः करायला घेतली, तेव्हा लिलाव पुकारणे, फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, पुड्यांची मोजणी ठेवणे आणि मिळालेल्या रकमेतून काय करायचे हे सभेत ठरवणे, ही कामे गावाकडे आली. तलावांच्या बाबतीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत, विशेषतः स्त्रियांसोबत, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे आणि देशी मासे राखण्याचे काम केले. ज्यांचा हक्क मालगुजाराच्या कागदात नव्हता, तेच आता तलावाच्या नियोजनाला बसले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी चळवळीचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर या जंगलपट्ट्यात संघर्षोत्तर हा शब्द प्रथमच वर्तमानकाळात वापरता येऊ लागला. शांततेबरोबर खाणी, रस्ते आणि नव्या योजना येणार, आणि त्यांच्यासाठी जमीन व जंगल लागणार, हेही तितकेच स्पष्ट आहे. १८१८ नंतर मुदतीचे करार पटेलाशी झाले, आणि शेवटी तलावाची मालकीही त्याच्याच नावे लागली. १९५० नंतर मसुदा गावात प्रसिद्ध करण्याचा नियम आला, पण कागद जिल्हा कचेरीतच राहिला. वनहक्काच्या काळात पहिल्यांदा मोजणीची वही ग्रामसभेच्या पेटीत आली आहे, आणि पुढच्या आराखड्याची चर्चा ती वही उघडून सुरू होते की मिटून, यावरच या वेळची पुनर्बांधणी आधीच्यांहून वेगळी ठरेल.