एचआरची डिग्री गिरणगावातून आली!

एमबीएला निघालेल्या कुणी "मी एचआर घेणार" असं सांगितलं की आमच्या आयटीवाल्यांची चेष्टा ठरलेली. रांगोळी स्पर्धा भरवायची, वाढदिवसाचे केक कापायचे आणि अप्रेझलच्या वेळी गोड बोलून तोंडाला पानं पुसायची, यासाठी दोन वर्षांची डिग्री कशाला? हसून झालं की विषय संपतो. पण प्रश्न खरा आहे. माणसं सांभाळायचं शिक्षण विद्यापीठात द्यायची गरज कुणाला आणि का वाटली?

आपल्याकडे तरी याचं उत्तर कुठल्या अमेरिकन बिझनेस स्कूलमध्ये सापडत नाही. त्यासाठी परळ-लालबागला जावं लागतं, तेही शंभरेक वर्षं मागे.

तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांत एचआर नावाचं खातंच नव्हतं. ते सगळं काम एक माणूस करायचा : जॉबर. हा कामगारांतूनच वर आलेला असे. कोकणातून, देशावरून माणसं आणायची, त्यांना कामावर चिकटवायचं, रजा द्यायची, अडीनडीला कर्ज द्यायचं आणि मनात आलं तर काढूनही टाकायचं, हे सगळं त्याच्या हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करायची. नोकरी लागली की त्यांना 'दस्तुरी' द्यावी लागे. म्हणजे रेफरल बोनस तेव्हाही होता म्हणा ना, फक्त तो नव्याने लागणाऱ्याच्या खिशातून जायचा! शिवाय कायम नोकरी नसलेले 'बदली' कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे. कुणी आला नाही तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी. आपल्याकडे बेंचवर बसलेल्याला निदान पगार तरी मिळतो.

मालकाला ही व्यवस्था सोयीची होती, कारण कामगाराशी थेट बोलायची वेळच येत नव्हती. पण कामगारांचं म्हणणं पोचवायला वाट नसली की ते रस्त्यावर येतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' काढली आणि १८९० मध्ये गिरणी मालकांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करावी लागली. (हो, आपण ज्या रविवारी निवांत ब्लॉग लिहितो-वाचतो, तोही कुणीतरी भांडून मिळवलेला आहे.) पुढे संप मोठे होत गेले. १९२८ चा सार्वत्रिक संप तर जवळजवळ सहा महिने चालला.

मग सरकारला जाग आली. १९२९ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर रॉयल कमिशन नेमलं गेलं, ज्याला व्हिटली कमिशन म्हणतात. १९३१ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट सांगितलं, की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातातून काढा आणि त्यासाठी स्वतंत्र 'लेबर ऑफिसर' नेमा. हा माणूस सचोटीचा हवा, माणसं ओळखणारा हवा आणि त्याला कामगारांची भाषा यायला हवी. मला विचाराल तर एचआरचं पहिलं 'जॉब डिस्क्रिप्शन' हेच! १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांचा कायदा झाला. त्याखाली सरकारने आपला लेबर ऑफिसर नेमला आणि गिरणी मालकांच्या संघटनेनेही आपला वेगळा नेमला.

आता पंचाईत अशी, की असे अधिकारी आणायचे कुठून? हे शिकवणारं कॉलेजच नव्हतं. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थांच्या संचालकपदाखाली नागपाड्याला 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. हीच आजची 'टिस', म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. गंमत बघा, ज्या संस्थेचा एचआरचा अभ्यासक्रम आज देशात नावाजलेला आहे, ती जन्मली समाजकार्याची शाळा म्हणून. १९४७ मध्ये परळला सरकारी 'बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट' निघालं. आता त्याला लोखंड्यांचंच नाव आहे. १९४९ मध्ये जमशेदपूरला जेझुइट पाद्र्यांनी 'एक्सएलआरआय' काढलं.

दरम्यान १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात 'वेल्फेअर ऑफिसर' नेमणं सक्तीचं झालं. त्याची पात्रता आणि कर्तव्यं राज्य सरकारने ठरवायची. थोडक्यात काय, तर या शिक्षणाला नोकरीची बाजारपेठ कायद्याने मिळवून दिली.

पण खरी मेख इथेच आहे. या माणसाला पगार देणार कंपनी, आणि त्याने बघायचं कामगारांचं हित! कामगार म्हणणार हा मालकाचा माणूस, मालक म्हणणार हा सरकारने गळ्यात मारलेला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये हे नेमकं हेरलं. वेल्फेअर ऑफिसरला व्यवस्थापनाच्या बाजूने कामगारांशी तंटे लढायला लावू नका, असं त्यांनी सुचवलं. "तू कुणाचा माणूस?" हा प्रश्न या व्यवसायात पहिल्या दिवसापासून उघडपणे विचारला जात होता.

मग वारं फिरलं. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने अहमदाबाद आयआयएमच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने वेगळं 'एचआरडी' खातं काढलं. त्यांचा विचार चांगला होता. माणूस हा नुसता खर्च नाही, त्याला वाढवता येतं. १९८१ मध्ये हार्वर्डने एमबीएला 'ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट'चा सक्तीचा विषय आणला. शब्दाची अशी काही लाट आली, की १९८५ मध्ये केंद्राचं शिक्षण खातंच मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं. (२०२० मध्ये ते परत शिक्षण मंत्रालय झालं.) कॉलेजांच्या पाट्याही बदलल्या. 'पर्सोनेल'चं 'ह्यूमन रिसोर्स' झालं. 'टिस'ने नव्या नावातही 'लेबर रिलेशन्स' हे शब्द ठेवले, पण साध्या एमबीएच्या नावात ते उरले नाहीत.

मला इथे बोच लागते. नाव बदललं याची नाही, तर नव्या नावाखाली तो जुना प्रश्न झाकला गेला याची. 'रिसोर्स' म्हटलं की तो कुणाच्या तरी मालकीचा, कुणीतरी वापरायचा. मग मधे उभा राहणारा माणूस लागतोच कशाला? आपल्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये आपणही बिनदिक्कत लिहितो ना, "दोन रिसोर्सेस कमी पडतायत"!

आणि आपण आयटीवाले याबाबतीत अगदी कोरे. उदाहरणार्थ, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही 'कामगार' आहात की नाही हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावरून ठरत नाही, तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता यावरून ठरतं. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? एका ई-मेलवर राजीनामा मागितला गेला की समोर बसलेल्या एचआरला हे ठाऊक असतं. आपल्याला नसतं. नव्या श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या. त्यात कारखान्यातल्या वेल्फेअर ऑफिसरसाठी कामगारसंख्येची मर्यादा ५०० वरून २५० वर आली. म्हणजे कायद्याच्या लेखी तो मधला माणूस अजून जिवंत आहे.

तेव्हा मित्रहो, कुणी एचआर शिकायला निघालं असेल तर हसू नका. प्लेसमेंटचे आकडे ते बघतीलच. त्यांना एवढंच सांगा, की अभ्यासक्रमात कामगार कायदा किती आहे आणि प्रत्यक्ष कामगारांमध्ये जाऊन करायचं फील्डवर्क आहे की नाही, तेही बघा. जॉबरही माणसं भरायचा आणि काढायचाच. त्याच्या जागी शिकलेला माणूस बसवला, तो हे काम जास्त सफाईने व्हावं म्हणून नव्हे, न्यायाने व्हावं म्हणून.