दोन कोटी डॉलर वाटणारा ‘वेडा’

४ मार्च १९३७ : लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात नववा ऑस्कर सोहळा झाला. ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’साठी फ्रँक काप्रा यांनी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार पटकावला, त्यांचा हा दुसरा. चित्रपटाला पाच नामांकने होती, त्यांतले हे एकच फळाला आले.

खेड्यातल्या डीड्सला (गॅरी कूपर) अचानक दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. बातमीसाठी त्याला फसवणारी पत्रकार (जीन आर्थर) त्याच्याच प्रेमात पडते. ही प्रेमकथा गोड आहेच, पण चित्रपटाचा खरा जीव कोर्टात आहे. महामंदीत जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांना दहा-दहा एकर जमीन, गाय, घोडा आणि बियाणे द्यायला डीड्स निघतो आणि लगेच त्याच्यावर वेडेपणाचा आरोप होतो. साठवणारा शहाणा, वाटणारा खुळा हा हिशेब अजून बदललेला नाही. म्हणून तो प्रसंग आजही काळजाला भिडतो. आणि कागदावर नकळत गिरगटण्याला आपण ‘डूडल’ म्हणतो ना? तो शब्द लोकांच्या तोंडी रुळवण्यात याच कोर्टातल्या डीड्सच्या साक्षीचा मोठा वाटा आहे.