शहराचे इंटरनेट आणि मतदारांचा कौल

नळाचे पाणी आणि वीज पुरविणाऱ्या नगरपालिकेने इंटरनेटही पुरवावे काय, हा प्रश्न अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अठरा वर्षे मतपेटीतून सुटत होता. २००५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने (सिनेट विधेयक क्रमांक १५२) शहरांवर आणि काउंट्यांवर अट घातली की, केबल टीव्ही, दूरसंचार वा वेगवान इंटरनेट सेवा देण्यापूर्वी स्थानिक मतदारांची संमती घ्यावी. ‘वेगवान’ची व्याख्या होती २५६ केबीपीएस! करदात्यांच्या पैशावर शासकीय संस्थांनी खासगी कंपन्यांशी स्पर्धा करू नये, हा या कायद्यामागील युक्तिवाद. नागरी प्रश्नांवर थेट मतदान घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नाही. तेथे मात्र ती नित्याची आहे. अट वरकरणी लोकशाहीला धरूनच होती. मेख होती ती प्रचारात. राज्याच्या कायद्यानुसार अशा मतदानात शहर प्रशासनाला सार्वजनिक निधीतून प्रचार करता येत नाही. कंपन्यांवर असे बंधन नव्हते.

याचा पहिला फटका बसला तो डेन्व्हरच्या उत्तरेकडील लाँगमाँट या शहराला. २०१० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८६ हजार. येथील वीज १९१२ पासून शहराच्याच मालकीची. वीज यंत्रणेसाठी १९९७ मध्ये शहराभोवती सुमारे २७ किलोमीटरचे फायबर ऑप्टिक केबलचे कडे टाकण्यात आले होते. त्याची बरीच क्षमता विनावापर पडून होती. परंतु २००५ नंतर तिच्यावरून घरोघरी इंटरनेट देण्यास मतदारांच्या संमतीवाचून मनाई झाली. २००९ मध्ये शहराने कौल मागितला. केबल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या विरोधी प्रचारावर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले आणि प्रस्तावाला जेमतेम ४४ टक्के मते पडली.

दोन वर्षांनी प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर आला, तो शब्द बदलून. करवाढ न करता, २००५ पासून हिरावलेला शहराचा हक्क पुन्हा प्रस्थापित करावा काय, असे आता विचारण्यात आले. विरोधकांनी या खेपेस चार लाखांहून अधिक डॉलर ओतले. तरीही सुमारे ६० टक्के मतदारांनी होकार दिला. हक्क मिळाला, तरी भांडवलाचा प्रश्न होताच. सेंट व्रेन नदीच्या महापुरानंतर अवघ्या दोन महिन्यांत, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ४ कोटी ५३ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी मंजुरी दिली. ‘नेक्स्टलाइट’ ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभीच्या ग्राहकांना सेकंदाला एक गिगाबिट वेगासाठी महिना ४९.९५ डॉलर मोजावे लागले.

पुढे कोलोरॅडोत अशा मतदानांची रीघ लागली. फोर्ट कॉलिन्समध्ये २०१५ मध्ये ८३ टक्के मतदार अनुकूल होते; पण २०१७ मध्ये प्रत्यक्ष सेवा उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधी प्रचारावर नऊ लाख डॉलरहून अधिक खर्च झाला आणि अनुकूल मते ५७ टक्क्यांवर आली. पैशाचा परिणाम होत नाही, असे म्हणता येणार नाही. येथे तो पुरेसा ठरला नाही इतकेच. डेन्व्हरनेही २०२० मध्ये ८३ टक्क्यांनी होकार दिला. शंभराहून अधिक शहरे आणि काउंट्यांनी या अटीतून सुटका करून घेतली होती, तेव्हा कुठे १ मे २०२३ रोजी गव्हर्नर जेरेड पोलिस यांच्या स्वाक्षरीने ती रद्द झाली.